तंजावरचा राजवाडा वगळावा का? दोन मुक्कामांत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने बघावे

प्रश्न असा आहे: डिसेंबरच्या शेवटी तमिळनाडूची सहल, त्यात तंजावरला दोन मुक्काम. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि अकरा वर्षांचा मुलगा. आधी जाऊन आलेल्या ओळखीच्या लोकांनी सांगितलंय, "वाड्यात काही नाही, पडका आहे, मोठं देऊळ बघा आणि पुढे निघा." तर वाडा वगळायचा का, आणि नसेल वगळायचा तर दिवस कसे बसवायचे?

वगळू नका. मात्र "काही नाही" म्हणणारे खोटं बोलत नाहीत. मराठी गट नेताना ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिची कारणंही आता ठरलेली आहेत. माणूस म्हैसूर डोक्यात ठेवून येतो. सिंहासन, झुंबरं, एका दारातून आत आणि दुसऱ्या दारातून बाहेर असं काहीतरी त्याला हवं असतं. तंजावरला तसं मिळत नाही. मूळ वाडा नायक राजांनी सोळाव्या शतकापासून बांधत नेला. १६७५-७६च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे स्थिरावले आणि पुढे जवळपास १८० वर्षं भोसल्यांनी त्यात भर घातली. १८५५ साली शेवटचे राजे पुत्र न ठेवता वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. त्यानंतर वाड्याचे तुकडे पडत गेले. कुठे कचेऱ्या आल्या, कुठे संग्रहालय, कुठे ग्रंथालय, आणि एका भागात राजघराण्याचे वंशज आजही राहतात. म्हणजे तुम्ही ज्या आवारात शिरता तिथे चार-पाच वेगवेगळे मालक आहेत. वाडा म्हणून एकसंध असं तिथे काही उरलेलं नाही, आणि हे माहीत नसलं की घोळ होतो.

घोळ कसा, तर पहिल्या खिडकीवर तिकीट काढून माणसं समजतात की सगळ्याचं झालं. आतल्या कला दालनाचं तिकीट वेगळं, दरबार हॉलचं वेगळं, राजघराण्याच्या खासगी संग्रहालयाचं वेगळं, कॅमेऱ्याचं आणखी वेगळं. दुसऱ्या दाराशी अडवलं की चिडचिड, तिसऱ्याशी "जाऊ दे" म्हणून परत फिरणं. नेमकं जे बघायचं ते तिसऱ्या दाराआड असतं. म्हणून सुट्टे पैसे जवळ ठेवा आणि प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न विचारा: "या तिकिटात काय काय येतं?"

दुसरी चूक वेळेची. वाड्यातले काही विभाग दुपारी जेवणासाठी बंद होतात, आणि मोठ्या देवळाचा गाभारा साधारण साडेबारा ते चार बंद असतो. सकाळी तिरुचिरापल्लीहून निघून, वाटेत चहा-नाश्ता करून साडेबाराला पोचणाऱ्या माणसाला दोन्हीकडे बंद दारं दिसतात आणि पायाखाली तापलेला दगड. त्यातून वार बुधवार निघाला तर सरस्वती महाल, म्हणजे वाड्यातलं हस्तलिखितांचं ग्रंथालयही बंद. तुमचा वाड्याचा दिवस बुधवारी येत असेल तर आधी तो हलवा, बाकीचं नियोजन नंतर.

आता क्रम. हा दोन मुक्काम धरून सांगतोय. एकच मुक्काम असता तर पहिली संध्याकाळ आणि दुसरी सकाळ एवढंच ठेवून बाकी सोडून द्यायला सांगितलं असतं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. विमानाने येणार असाल तर जवळचा विमानतळ तिरुचिरापल्ली, तिथून अंतर ६० किलोमीटरच्या आतबाहेर. बसने आलात तर ती शहराबाहेरच्या नव्या बसस्थानकात सोडते. गावात यायला तिथून शहर बस किंवा रिक्षा करावी लागते, आणि ज्येष्ठ माणसं व सामान असताना हा तुकडा त्रासाचा होतो. रेल्वे स्थानक मात्र गावातच आहे, मोठ्या देवळापासून दीड-दोन किलोमीटरवर. तुमच्या वडीलधाऱ्यांसाठी रेल्वे किंवा थेट गाडी बरी. खोली देऊळ आणि स्थानक यांच्या दरम्यान कुठेही घ्या. वाडाही देवळापासून फार लांब नाही, दीड किलोमीटरच्या आत आहे. रिक्षावाल्याला "पॅलेस" समजतंच, पण "अरणमनै" म्हटलंत तर गैरसमज होत नाही. मोठं देऊळ म्हणजे "पेरिय कोविल".

पहिली संध्याकाळ मोठ्या देवळाची, म्हणजे बृहदीश्वराची. साडेचारला आत शिरा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. राजराज चोळाने हे देऊळ १०१० साली पुरं केलं. तेरा मजल्यांचं विमान (गाभाऱ्यावरचं शिखर) आहे, उंची दोनशे फुटांच्या आसपास. तिथे कुणीतरी नक्की सांगेल की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. मुलाला संध्याकाळी आवारात उभं करून ती सावली दाखवा, चांगली लांबलचक पडते. समोरचा नंदी चोळांचा नाही, नंतर नायक काळात आलेला आहे. आई-वडिलांसाठी एवढं लक्षात ठेवा: चपला बाहेरच काढाव्या लागतात आणि आवार प्रचंड आहे. जाड सुती मोजे चालतात, ते न्याच. गाभाऱ्याच्या पायऱ्या उंच आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी नंदीमंडपापाशी बसून विमान बघितलं तरी फारसं काही हुकत नाही. तुमच्या तारखा मार्गळी या डिसेंबर-जानेवारीतल्या तमिळ महिन्यात येतात. काळी वस्त्रं नेसलेले अय्यप्पाचे भक्त बसच्या बस भरून येतात, शाळांना सुट्ट्याही असतात. दर्शनाची रांग लांब दिसली तर ती सकाळवर टाका आणि संध्याकाळ नुसती आवारासाठी ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा-सातला पुन्हा देवळात. हे ऐकून लोक नाक मुरडतात, पण मराठी माणसासाठी तंजावरमधली सर्वात मोलाची गोष्ट वाड्यात नाही, या देवळाच्या भिंतीवर आहे. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास इथे दगडात कोरून घेतला, मराठीत आणि देवनागरीत. आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भागात, गणपतीच्या देवळाजवळच्या भिंतीवर तो आहे. रोज शेकडो मराठी पर्यटक त्याच्यापासून काही पावलांवरून निघून जातात, कारण गाईड बहुतेक वेळा चोळांविषयीच बोलतो आणि चोळांचे तमिळ लेख तिथे इतके आहेत की नजर सरावते. गाईड घेतलात तर सुरुवातीलाच सांगा, "सरफोजींचा मराठी शिलालेख दाखवायचा."

तो वाचायचा कसा, हेही सांगायला हवं. पहिली नजर टाकली की काहीच उमगत नाही. अक्षरं ओळखीची, पण शब्द सलग, मधे जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, आणि भाषा दोनशे वर्षांपूर्वीची, दरबारी. एका टोकाला उभं राहून पूर्ण ओळ वाचायचा हट्ट धरू नका. आधी नावं शोधा. 'राजे' हा शब्द सापडला की त्याच्या अलीकडे नाव असतं, तिथून पुढे-मागे सरकत जा. मुलाला हेच काम द्या, शिवाजी, शाहजी, संभाजी ही नावं शोधण्याचं. त्याचा अर्धा तास कसा जाईल ते कळणार नाही. कोरीव अक्षर समोरून उजेड टाकला तर सपाट दिसतं. फोनची बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने आडवी धरली की खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. हात लावू नका, बोट फिरवू नका, आणि खडू-पाण्याचे प्रयोग तर मुळीच नकोत. संरक्षित वास्तू आहे.

साडेआठला बाहेर पडून नाश्ता, आणि साडेनऊच्या सुमारास वाडा. क्रम असा: आधी कला दालन, मग सरस्वती महाल, शेवटी दरबार हॉल. उलट केलंत तर दरबार हॉलमध्येच "अरे, एवढंच?" होतं आणि पुढचं बघायचा उत्साह मावळतो.

कला दालन नायकांच्या दरबाराच्या जागेत आहे. मध्यभागी सरफोजींचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडून उभा. पण इथे यायचं ते चोळ काळातल्या पंचधातूच्या मूर्तींसाठी. जगात फार थोड्या ठिकाणी त्या इतक्या जवळून बघता येतात. सगळ्या बघायला गेलात तर विसाव्या मूर्तीपाशी डोळे थकतात. एकीसमोर दहा मिनिटं थांबा: तिरुवेंकाडूहून आलेला वृषवाहन शिव, अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा. एका पायावर भार, दुसरा पाय सैल टाकलेला, एक हात कोपरात वाकवून बाजूला कशावर तरी टेकवल्यासारखा. टेकलाय तो नंदीवर, पण नंदी उरलेला नाही. तो हात नुसता हवेत आहे, तरी समोर जनावर उभं असल्यासारखं वाटतं, कारण शिल्पकाराने खांद्यापासून मनगटापर्यंत टेकलेल्या हाताचा सैलपणा धातूत उतरवलाय. केस मुंडाशासारखे गुंडाळलेत, त्यांत साप आहेत. मूर्तीच्या मागे जाता आलं तर पाठही बघा, ती समोरच्या बाजूइतक्याच निगुतीने केलेली आहे.

मुलासाठी एक आमिष आहे. याच भागात वरच्या बाजूला एका देवमाशाचा सांगाडा ठेवलाय, तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागलेला. वर जायचे जिने अरुंद, चढे आणि अंधारे आहेत. आई-वडिलांना खालीच मूर्तींपाशी बसवा. मनोऱ्यांवर चढू देतील की नाही हे त्या त्या दिवशी ठरतं, कारण डागडुजीसाठी ते अधूनमधून बंद असतात. चढायला मिळालं तर गाव वरून समजतं. वाड्याभोवतीच्या चार राजवीथी आणि पलीकडे देवळाचं विमान एका नजरेत येतं.

सरस्वती महालाविषयी बरेच गैरसमज आहेत. पर्यटकाला दिसतं ते ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय, मुख्य ग्रंथसंग्रह नाही. संग्रहाची सुरुवात नायकांची, पण त्याला आजचं रूप आलं सरफोजींमुळे. ते १७९८ ते १८३२ गादीवर होते. १७९९ मध्ये कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला आणि वाडा एवढंच उरलं. त्या रिकाम्या हातांनी त्यांनी पोथ्या जमवल्या, छापखाना काढला, डोळ्यांच्या रोग्यांवरच्या उपचारांच्या सचित्र नोंदी ठेवून घेतल्या. आज तिथे सुमारे ४९ हजार हस्तलिखितं आहेत, त्यांत मराठी तीन हजारांच्या वर, शिवाय मोडी दफ्तरं वेगळी. संग्रहालयात ताडपत्रं, सचित्र पोथ्या, माणसाच्या चेहऱ्याशी प्राण्यांचे चेहरे ताडून बघणारी फ्रेंच रेखाटनं, चिनी शिक्षांची चित्रं असं काय काय आहे. शेवटचं मुलाच्या नजरेआड गेलेलं बरं. फोटो काढू देत नाहीत. इथली गंमत जागेच्या आकारात नाही, काचेच्या पेटीवर वाकून वाचण्यात आहे. घाईने फिरलात तर दहा मिनिटांत बाहेर याल.

मूळ पोथी बघायची असेल, समजा घराण्याचा किंवा संप्रदायाचा शोध घेताय, तर आयत्या वेळी ते होत नाही. आधी पत्र पाठवून विषय, हस्तलिखिताचं नाव वा क्रमांक आणि ओळखपत्र कळवावं लागतं. सूची छापलेल्या आहेत, क्रमांक त्यांतून मिळतो. तेवढा खटाटोप नको असेल तर निदान ग्रंथालयाच्या विक्री विभागात डोकवा. त्यांनी आपल्या हस्तलिखितांवरून मराठी पुस्तकं छापली आहेत: व्यंकोजींचे पुत्र शाहजीराजे यांच्या काळातली नाटकं, वाड्यातल्या मुदपाकखान्याच्या कृती. दुसरीकडे ही सहजी मिळत नाहीत.

दरबार हॉल शाहजीराजांनी १६८४ मध्ये बांधला. जाडजूड खांब, कमानी, वर चुन्यातलं नक्षीकाम, आणि सगळ्यावर रंग. रंग बरेच उडालेत. कमानींच्या आतल्या बाजूला वर बघा, तिथे पाऊस-ऊन न पोचल्याने जास्त टिकलेत. वीस मिनिटं पुरतात. साडेबाराला बाहेर पडून जेवा आणि आई-वडिलांना तीन-साडेतीनपर्यंत झोपू द्या. दक्षिणेत दुपारची विश्रांती चुकवली की संध्याकाळ हातची जाते.

जेवणाबद्दल एक. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं ही गोष्ट तुम्हाला तिथे तीनदा ऐकायला मिळेल. पुराव्याने ती सिद्ध झालेली नाही, ऐकायला छान आहे. खरा मराठी ठसा बघायचा तर तिथल्या घरगुती पदार्थांची नावं ऐका: रसवांगी, पिटलै, डांगर पचडी. पाटी न बघताही कळतं कुठून आलीत. हॉटेलात ती क्वचित मिळतात. विचारून बघायला हरकत नाही.

दुपारनंतर तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. आई-वडिलांना कीर्तन-संगीताची आवड असेल तर तिरुवैयारूला जा, उत्तरेला १२-१३ किलोमीटर. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. एरवी शांत असते, पण जानेवारीत त्यांच्या आराधना उत्सवाच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. नाहीतर गावातच थांबून खरेदी. वाटेत वेळ असला तर देवळाशेजारच्या शिवगंगा बागेतलं श्वार्त्झचं चर्च बघा. श्वार्त्झ हे सरफोजींचे गुरुस्थानी असलेले मिशनरी, १७९८ मध्ये वारले. आत संगमरवरात कोरलेला एक देखावा आहे, मरणशय्येवरचे श्वार्त्झ आणि भेटीला आलेले सरफोजी. तो राजांनीच फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतला. दार बहुतेक वेळा बंद असतं, रखवालदाराला विचारावं लागतं.

खरेदीत फसवणूक होते ती तंजावर चित्रांत. खऱ्या चित्रात लाकडी फळीवर कापड चिकटवतात, त्यावर खडूभुकटी आणि डिंकाचा थर देतात, दागिने-कमानी याच लगद्याने उचलून घेतात, खडे बसवतात, मग सोन्याचा वर्ख आणि शेवटी रंग. स्वस्त चित्रात वर्ख नकली असतो, काही वर्षांत तो काळवंडतो. तपासायचं कसं? चित्र डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरून बाजूने बघा. उठाव एकसारखा, कडा स्वच्छ हव्यात. वर्ख खड्याच्या कडेपर्यंत नीट बसलेला हवा, मधे पिवळा रंग लावून भरलेला नको. फ्रेम मागून बघा, प्लायवुड वाकलेलं असलं तर सोडा. बिलावर "२२ कॅरेट वर्ख" लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार का-कू करू लागला तर उत्तर मिळालं. भाव ठाऊक नसेल तर आधी सरकारी 'पूम्पुहार' विक्री केंद्रात फेरी मारा, मग बाजारात जा. रिक्षावाला स्वतःहून ज्या दुकानात नेतो तिथे त्याचं कमिशन तुमच्या बिलात असतं. विमानाने परतणार असाल तर हातातल्या बॅगेत बसेल असंच माप घ्या. सामानात टाकलेली काच बहुतेक फुटते.

मुलासाठी डोलणारी बाहुली घ्या. बूड गोल आणि जड असतं, म्हणून ढकलली तरी उभी राहते. दुकानात चारही बाजूंनी ढकलून बघा. एका बाजूला कलून थांबत असेल तर बुडाचं वजन नीट बसलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी कुंभकोणमकडे निघत असाल तर वाटेतच दारासुरमचं देऊळ आहे, तंजावरहून सुमारे ३५ किलोमीटर. मोठ्या देवळासारखाच जागतिक वारसा, आकाराने लहान, कोरीव काम मात्र अधिक नाजूक, आणि गर्दी कमी. सकाळी आठला निघालात तर दुपारच्या आत निवांत होतं. मदुराईकडे जाणार असाल तर त्यासाठी उलटं जाऊ नका, त्याऐवजी दुसऱ्या संध्याकाळचा वेळ गावात घालवा. वाड्याभोवतीच्या गल्ल्यांच्या पाट्या वाचत फिरा. 'मानोजीअप्पा', 'दबीर' अशी नावं तमिळ लिपीत लिहिलेली दिसतात, आणि एखाद्या ओट्यावरच्या आजी तुमचं बोलणं ऐकून त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत "कुठले तुम्ही?" असं विचारतात. त्यांना थोडं सावकाश आणि साधं बोलून उत्तर द्या. आपल्या बोलण्यातले नवे शब्द त्यांच्याकडे पोचलेले नाहीत, आणि त्यांच्या बोलण्यातले तमिळ शब्द तुम्हाला विचारून घ्यावे लागतील.